जुजबी कोडिंगवर वेबचे काम मिळते का?

सहा महिन्यांचा वेब डेव्हलपमेंटचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, प्रमाणपत्र हाती आले, सरावासाठी तयार केलेली तीन-चार पाने लॅपटॉपमध्ये आहेत. मात्र नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ ही अट आहे. डिचोली, सत्तरी किंवा काणकोणातल्या अनेक तरुण-तरुणींची आज हीच अवस्था आहे. अनुभवाविना काम नाही आणि कामाविना अनुभव नाही, या चक्रात सापडलेल्यांपैकी काही जण आणखी एका महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरतात, काही पुणे-बंगळुरूची वाट धरतात, तर काही हा नाद सोडून वेगळ्याच कामाला लागतात. यातला कोणताही निर्णय घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. केवळ जुजबी कोडिंग येणाऱ्याला वेबचे काम खरोखर मिळते का?

उत्तर होकारार्थी आहे, पण ते जाहिरातींच्या रकान्यात सापडत नाही. ‘वेब डेव्हलपर’ या पदाच्या नोकऱ्या अशा उमेदवारासाठी फार थोड्या आहेत. वेबशी निगडित काम मात्र त्या पदापेक्षा कितीतरी विस्तृत आहे. ते कोठे असते, त्यासाठी किती यायला हवे आणि कोणते काम नाकारायला हवे, हे समजले तर पहिले उत्पन्न गोव्यात राहूनही मिळू शकते.

पहिली पायरी अरुंद का झाली?

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नवोदितांची भरती मंदावली, हा केवळ समज नाही. देशातील सर्वांत मोठी आयटी कंपनी असलेल्या टीसीएसची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात तेरा हजारांहून अधिकने घटली. शेअर बाजारात नोंदणी झाल्यापासून या कंपनीत वार्षिक घट होण्याची ती पहिलीच वेळ होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी वेतनाच्या नोंदी तपासून ऑगस्ट २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक प्रभाव पडलेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील रोजगार अन्य गटांच्या तुलनेत सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. सॉफ्टवेअर विकास हा त्यांपैकीच एक व्यवसाय.

यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पूर्वी नव्याने रुजू झालेल्या मुलाला एखादा अर्ज तयार करणे, तक्ता मांडणे, छोटी चूक शोधणे अशी कामे दिली जात. आता अनुभवी अभियंता तीच कामे यंत्राकडून काही मिनिटांत करून घेतो. त्याआधीच वर्डप्रेससारख्या प्रणालींनी साध्या संकेतस्थळासाठी कोड लिहिण्याची गरज बरीच कमी केली होती. मे २००३ मध्ये अवतरलेल्या या मुक्त प्रणालीवर आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. यंत्राने लिहिलेले पान तपासून योग्य जागी बसवायला, ग्राहकाला काय हवे ते त्याच्याकडून काढून घ्यायला आणि सहा महिन्यांनी ते बंद पडले तर पुन्हा सुरू करायला माणूस लागतोच. केवळ कोड लिहिण्याचे मोल घटले असले, तरी हाती घेतलेले काम तडीस नेणाऱ्याचे मोल घटलेले नाही. जुजबी ज्ञानावर उभे राहू पाहणाऱ्याने आपली जागा येथे शोधायची आहे.

‘जुजबी’ म्हणजे नेमके किती?

एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट एवढे येणे म्हणजे जुजबी ज्ञान, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अभ्यासक्रमातही बहुधा एवढेच असते. काम मिळवण्यासाठी मात्र या तिघांच्या भोवतीच्या गोष्टी येणे अधिक महत्त्वाचे ठरते. डोमेन नाव विकत घेऊन ते होस्टिंगला जोडणे, डीएनएसच्या नोंदी वाचता येणे, सुरक्षित जोडणीचे म्हणजे एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र बसवणे, संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवणे आणि गरज पडल्यास त्या प्रतीवरून ते पुन्हा उभे करणे, ही ती कामे. यांतले बरेचसे कोणत्याही व्हिडिओ-मालिकेत ओझरते येते. ग्राहकाला मात्र नेमके याच वेळी माणसाची गरज भासते.

स्वतःची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. कोणतेही मार्गदर्शन समोर न ठेवता पाच पानांचे संकेतस्थळ तयार करावे. ते स्वस्त मोबाइलवर, गावातल्या संथ नेटवर्कवर उघडावे. त्यातला संपर्काचा अर्ज भरल्यावर मजकूर खरोखरच ईमेलवर पोहोचावा. नंतर ते मुद्दाम पुसून टाकून जतन केलेल्या प्रतीवरून परत आणावे. एवढे जमले तर पहिले काम घ्यायला हरकत नाही. जमले नाही तर आणखी एका सशुल्क प्रमाणपत्रापेक्षा आणखी दोन महिन्यांचा सराव अधिक उपयोगी पडेल. मोझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ आणि फ्रीकोडकॅम्प हा अभ्यासक्रम, दोन्ही विनामूल्य आहेत.

पदाचे नाव वेगळे, काम वेबचेच

नोकरीच शोधायची असेल तर ‘डेव्हलपर’ या शब्दाच्या पलीकडच्या जाहिराती वाचाव्या लागतात. पणजी, म्हापसा, मडगावातल्या जाहिरात आणि डिजिटल मार्केटिंग संस्थांना ग्राहकांच्या संकेतस्थळांवर मजकूर, छायाचित्रे आणि दरपत्रके चढवणारी माणसे लागतात. वृत्तपत्रांच्या ऑनलाइन विभागांना, ऑनलाइन विक्री करणाऱ्या दुकानांना आणि शैक्षणिक संस्थांनाही ती लागतात. होस्टिंग कंपन्यांचे तांत्रिक साहाय्य विभाग, सॉफ्टवेअरची चाचणी घेणारे विभाग आणि ग्राहकांना जाणाऱ्या ईमेल-पत्रिका तयार करणारे विभाग, येथेही एचटीएमएल वाचता येणे ही जमेची बाजू ठरते. ईमेल-पत्रिकांचे उदाहरण बोलके आहे. विंडोजवरील जुन्या आउटलुकसारख्या प्रणालीत आधुनिक सीएसएस नीट चालत नाही, म्हणून या पत्रिका आजही तक्त्यांच्या जुन्या पद्धतीने मांडाव्या लागतात. अनुभवी अभियंत्यांना कंटाळवाणे वाटणारे हे काम नवोदिताला शिकता येण्याजोगे आहे.

पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजना, म्हणजे नॅट्स, हाही एक मार्ग आहे. अभियांत्रिकीखेरीज कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही आता तो खुला आहे. विद्यावेतन तुटपुंजे वाटले तरी ‘अनुभव’ या रकान्यात लिहिण्यासारखे काहीतरी त्यातून मिळते.

अपवर्क, फायव्हर यांसारख्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर मात्र सुरुवातीलाच भिस्त ठेवू नये. तेथे जगभरातील हजारो नवोदित अत्यल्प दरात काम मागत असतात. फायव्हर तर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के वाटा कापून घेते. ओळखीचा एक ग्राहक आणि पूर्ण केलेले एक काम पाठीशी असेल, तरच तेथे निभाव लागण्याची शक्यता वाढते.

होमस्टेचे गणित

गोव्यापुरते बोलायचे तर पहिला ग्राहक बहुधा पर्यटनाशी निगडित असतो. तीन-चार खोल्यांचा होमस्टे चालवणारे कुटुंब ऑनलाइन आरक्षण व्यासपीठांवर अवलंबून असते आणि ही व्यासपीठे साधारण १५ टक्के किंवा त्याहून अधिक कमिशन घेतात. खोलीचे भाडे एका रात्रीला २,५०० रुपये धरले, तर १५ टक्क्यांप्रमाणे ३७५ रुपये व्यासपीठाकडे जातात. हंगामात केवळ ४० रात्रींचे आरक्षण थेट मिळाले, तरी १५,००० रुपये वाचतात. होमस्टेच्या मालकाला कोडिंगमध्ये रस नसतो. हे गणित मात्र त्याला लगेच पटते.

येथे प्रामाणिकपणाची कसोटी लागते. संकेतस्थळ उभे राहिले म्हणून नवे पाहुणे आपोआप येत नाहीत. ते बहुतांशी गुगलच्या नकाशावरून आणि आरक्षण व्यासपीठांवरूनच येतात. थेट आरक्षण करतात ते एकदा राहून गेलेले किंवा त्यांच्या शिफारशीवरून आलेले पाहुणे. त्यांच्यासाठी खोल्यांची खरी छायाचित्रे, चालू दर, येण्याचा रस्ता आणि एका स्पर्शात लागणारा फोन वा व्हॉट्सॲप एवढे असलेले साधे पान पुरेसे असते. आधी गुगलवरील व्यवसायाची नोंद दुरुस्त करून द्यावी, मग संकेतस्थळाविषयी बोलावे. एखाद्या दुकानदाराला संकेतस्थळाची गरजच नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात एका ग्राहकाचा चांगला शब्द दहा जाहिरातींचे काम करतो, आणि वाईट शब्दही तितक्याच वेगाने पसरतो.

वेळेचेही भान हवे. डिसेंबरच्या गर्दीत होमस्टे वा हॉटेलच्या मालकाला बोलायला सवड नसते. जून ते ऑगस्ट या मंद हंगामात तो डागडुजी करतो, रंगकाम काढतो; संकेतस्थळाचा विषय काढण्याचीही हीच वेळ. चवथीपूर्वी काम ठरले तर ऑक्टोबरपर्यंत ते पूर्ण होऊ शकते. पर्यटनाबाहेर पाहिले तर दवाखाने, शिकवण्या, छोटे उद्योजक, शाळा, वाचनालये, देवस्थान समित्या आणि क्रीडामंडळे यांची कामे असतात. यांपैकी अनेकांचे संकेतस्थळ आधीच असते. पण ते तयार करणारा निघून गेलेला असतो आणि तीन वर्षांपूर्वीच्या जत्रोत्सवाची पत्रिका अजून मुखपृष्ठावर झळकत असते. नवे उभारण्यापेक्षा असे जुने नीट सांभाळून देण्याचे काम नवोदिताला अधिक सहज मिळते.

देवनागरीची जमेची बाजू

मराठी आणि कोकणी उत्तम जाणणाऱ्याच्या हाती आणखी एक गुण आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. अनेक संस्थांचा जुना मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला आहे. तो संकेतस्थळावर चिकटवला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. त्यावर उपाय म्हणून कागद स्कॅन करून त्याचे चित्रच पानावर टाकले जाते. असे चित्र शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, मोबाइलवर ते मोठे करून वाचणे कष्टाचे होते आणि दृष्टिहीन वाचकाच्या यंत्राला त्यातून बहुधा काहीच बोलता येत नाही. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, ‘ळ’, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासणे, हे भाषा न जाणणाऱ्या अभियंत्याच्या आवाक्यातले काम नाही.

मांडणीचेही तसेच. अक्षरांमधील अंतर वाढवणारा सीएसएसचा गुणधर्म इंग्रजी शीर्षकाला शोभून दिसतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. इंग्रजीला पुरेसे असलेले ओळींमधले अंतर मराठीत वेलांट्या आणि उकारांना अपुरे पडते. ‘क्षि’ हे वाचकाला एक अक्षर दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार घटक असतात. त्यामुळे ‘पहिली पन्नास अक्षरे दाखवा’ अशी सूचना दिलेले पान मराठी शब्द अर्ध्यातच तोडून टाकते. पानाची भाषा मराठी असल्याची खूण एचटीएमएलमध्ये केलेली नसेल, तर वाचून दाखवणारे यंत्र चुकीच्या उच्चारपद्धतीने वाचू शकते. या चुका सुधारायला प्रगत कोडिंग लागत नाही. त्या दिसायला मात्र मराठी वाचणारा डोळा लागतो.

दाखवायचे काय?

अनुभवाच्या जागी दाखवायचे असते ते पूर्ण झालेले काम. दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा तीन पूर्ण, चालू आणि कोणालाही उघडून पाहता येणारी संकेतस्थळे अधिक परिणाम करतात. गिटहब पेजेसवर अशी साधी पाने विनामूल्य ठेवता येतात. गावातल्या वाचनालयाची रीतसर परवानगी घेऊन त्याच्या ग्रंथसूचीचे पान करावे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे पान करावे. प्रत्येकासोबत अडचण काय होती, काय केले आणि काय जमले नाही, हे चार ओळींत लिहावे. यंत्राची मदत घेतली असेल तर तीही लपवू नये; मात्र पानातली प्रत्येक ओळ काय करते, हे विचारल्यावर सांगता आलेच पाहिजे.

ग्राहकाकडे जाताना ‘मी वेब डेव्हलपर आहे, काम असल्यास कळवा’ असा निरोप पाठवून सहसा उत्तर येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘आपल्या संकेतस्थळावरील दूरध्वनी क्रमांक मोबाइलवर दाबला असता फोन लागत नाही आणि दरपत्रक गेल्या वर्षीचे आहे. ही दोन्ही कामे एका दिवसात करून देता येतील.’ असा नेमका दोष दाखवणे कठीण नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची तपासणी करते. त्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक पानांत दिव्यांगांना अडसर ठरणारे दोष आढळत आले आहेत. फिकट अक्षरे, चित्रांना वर्णन नसणे, अर्जातील रकान्यांना नाव नसणे हे त्यांतले नेहमीचे, आणि तिन्ही दोष जुजबी एचटीएमएल व सीएसएसने दूर होतात.

मोबदला, करार आणि मालकी

पहिले काम फुकट करू नये. फार तर सार्वजनिक संस्थेसाठी एखादे करावे. दर ठरवताना लागणारे तास मोजावेत. मजकूर गोळा करणे, छायाचित्रांसाठी फेऱ्या मारणे आणि दुरुस्त्यांचे फेरे यांत कोडिंगपेक्षा जास्त वेळ जातो, हे लक्षात ठेवून तो अंदाजात धरावा. एका पानाचा साधा लेखी करार पुरेसा असतो. किती पाने, दुरुस्त्यांचे किती फेरे, मजकूर कोण देणार, कोणत्या तारखेला काय पूर्ण होणार, आगाऊ रक्कम किती आणि उरलेली केव्हा, एवढे त्यात असावे. वर्षभराच्या देखभालीचा दर वेगळा लिहावा. नियमित उत्पन्न तेथूनच सुरू होते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. डोमेन नाव आणि होस्टिंगचे खाते ग्राहकाच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर घ्यावे. डोमेनचे वार्षिक शुल्क साधारण हजार रुपयांच्या आसपास असते. ते बनवणाऱ्याच्या नावावर राहिले, तो परगावी गेला आणि नूतनीकरण चुकले, तर वर्षानुवर्षे पाहुण्यांच्या तोंडी असलेला पत्ता एका दिवसात हातचा जातो. काही जण ग्राहक बांधून ठेवण्यासाठी मुद्दाम असे करतात. त्याने ग्राहक टिकत नाही, विश्वास तेवढा जातो. कराच्या बाबतीत, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असताना सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तरीही प्रत्येक कामाचे बिल द्यावे आणि मोबदला बँकेतूनच घ्यावा. पुढे कर्ज काढताना वा नोकरी मागताना या नोंदी उपयोगी पडतात.

नाकारायची कामे आणि फसवी कामे

जे काम चुकले असता दुसऱ्याचे नुकसान होईल, ते जुजबी ज्ञानावर घेऊ नये. पैसे स्वीकारण्याची यंत्रणा स्वतः लिहिणे, रुग्णांची माहिती साठवणे, पतसंस्थेच्या खातेदारांसाठी प्रवेशद्वार उभारणे, ही अशी कामे. त्यांसाठी तयार, मान्यताप्राप्त सेवा जोडून द्यावी किंवा अनुभवी माणसाचे नाव सुचवावे. ‘हे मला येत नाही’ असे सांगणाऱ्याकडे ग्राहक येणारे काम घेऊन परत येतो.

काम शोधणाऱ्यांनाच गाठणारे भामटेही आहेत. नोकरी देण्यापूर्वी नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली पैसे मागणारी कोणतीही ‘कंपनी’ संशयास्पद समजावी. टेलिग्रामवर छोटी कामे देऊन आरंभी थोडे पैसे खात्यावर जमा करायचे आणि नंतर मोठी रक्कम भरायला लावायची, ही फसवणुकीची प्रचलित पद्धत आहे. फसगत झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. नोकरीची हमी देऊन भरमसाट शुल्क आकारणाऱ्या वर्गांबाबतही सावध असावे. ‘हमी’ या शब्दाचा अर्थ लेखी मागावा आणि मागील तुकडीतील दोघा-तिघांशी प्रत्यक्ष बोलूनच पैसे भरावेत.

जुजबी कोडिंगवर आयुष्यभर निभावता येणार नाही, हेही खरे. पहिल्या वर्षीच्या पाच-सहा कामांतून पुढची दिशा दिसू लागते. कोणाला वर्डप्रेसची रचना खोलात जाऊन शिकावीशी वाटते, कोणी जावास्क्रिप्ट आणि माहितीसाठ्यांकडे वळतो, तर कोणी सर्वांसाठी सुलभ संकेतस्थळे हाच विषय धरतो. त्या वेळी घेतलेला अभ्यासक्रम वाया जात नाही, कारण तो कशासाठी घ्यायचा ते ठाऊक असते. मग पुणे-बंगळुरूला जायचे ठरले, तरी सोबत केवळ प्रमाणपत्र नसते. चालू असलेल्या संकेतस्थळांचे पत्ते आणि ज्यांना फोन करून खात्री करता येईल असे ग्राहक असतात. ‘दोन वर्षांचा अनुभव’ या अटीला त्याहून चांगले उत्तर नाही.